नातीचा थिसिस आणि हिची अळूवडी

माझ्या बायकोच्या हातची शेवटची अळूवडी पोराच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये पडून होती, आणि ती खायची मला बंदी होती. बंदी कुणी घातली? नातीनं. का? तर तिला थिसिस लिहायचा होता.

मी फारसा शिकलेला नाही. सातवीत शाळा सुटली, क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो, पुढं ड्रायव्हर झालो, गुडघे गेले तेव्हा खाली उतरलो. त्यामुळं कॉलेजच्या गोष्टींत मी तोंड घालत नाही. पण ज्या अभ्यासापायी घरच्या माणसाला घरातलं अन्न खाता येत नाही, त्या अभ्यासाबद्दल बोलायला शिक्षण लागतं असं मला वाटत नाही.

आधी फ्रीझरचं सांगतो. इथं अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, आमच्या पोरासारखी पुष्कळ पोरं आहेत. नवराबायको दोघं नोकरीला, एकाला एक चिकटलेली घरं, खाली गॅरेज, आणि गॅरेजमध्ये गाडीच्या शेजारी आणखी एक फ्रीज. त्यांचे आईबाप सहा महिन्यांसाठी येतात. बाप बागेतल्या बाकावर बसून देशाचं राजकारण करतात, आया फ्रीझर भरतात. जायची तारीख जवळ आली की घराघरात हेच सुरू होतं. पुरणपोळ्या भाजून त्यांच्यामध्ये कागद घालून ठेवायच्या, कोथिंबीर वडीचे उंडे उकडून ठेवायचे, नारळ खवून पिशव्या भरायच्या. आई विमानात बसली तरी पुढचे दोन-तीन महिने पोरांच्या ताटात आईच.

आमची ही त्यातली पट्टीची. ही म्हणजे माझी बायको; नाव घ्यायची आम्हाला दोघांनाही कधी सवय लागली नाही. हिनं इथं परसात कुंड्यांमधून अळू लावला होता. हिची अळूवडी म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. मी जन्मभर रस्त्यावर खाल्लं, इंदूरपासून बंगळूरपर्यंत कुठल्या ढाब्यावर काय मिळतं ते मला ठाऊक होतं. पण घरी यायच्या आधी मी फोन करायचो तो एवढंच विचारायला, की अळू आहे का. ही म्हणायची, "माणसाची चौकशी नाही, पानाची चौकशी." आणि करून ठेवायची.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इथून परत गेलो. डिसेंबरात ही गेली. सकाळी दूध तापवायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली, झालं. जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. पोरगा आला, दिवस झाले, आणि जानेवारीत मला सामानासारखं उचलून इकडं घेऊन आला.

आल्यावर दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो. सगळं संपलं होतं, फक्त अळूवडीच्या दोन उंड्यांचा एक डबा खालच्या कप्प्यात होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डबा काढला, वर आणला, सूनबाईला म्हटलं, "तेल ठेव."

सूनबाईनं डब्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरले. "बाबा, हा नको ना."

"का? खराब झालाय?"

"खराब नाही हो. आईंचा शेवटचा आहे."

"म्हणूनच म्हणतोय ना, तेल ठेव."

एवढ्यात पोरगा जिना उतरत आला. त्यानं माझ्या हातातून डबा असा काढून घेतला, जसं मी चोरून नेत होतो. "बाबा, याला हात नाही लावायचा. थिसिसमध्ये आहे तो."

मला वाटलं थिसिस म्हणजे एखादी कंपनी असेल. मग कळलं.

नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरापासून गाडीनं तासाभरावर तिचं कॉलेज, ती तिथंच राहते, शनिवार-रविवारी कपडे धुवायला घरी येते. विषय असा, की माणसं कशी राहतात, काय खातात, कसे सणवार करतात त्याचा अभ्यास. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. आता हुशार पोरांना शेवटच्या वर्षी नुसती परीक्षा पुरत नाही. वर्षभर राबून एक पुस्तकाएवढं जाड काहीतरी लिहायचं, एक प्रोफेसर बाई ते तपासणार, मग चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं. जमलं तर डिग्रीवर 'ऑनर्स' असा शब्द चढतो. आमच्या नातीनं विषय घेतला होता फ्रीझरचा. आज्या येतात, फ्रीझर भरतात आणि जातात, त्याचा.

मी तिला पहिल्याच रविवारी विचारलं, "पोरी, जगात दुसरा विषय नव्हता? तुझ्या बापानं केवढी फी भरलीय. आणि तू फ्रीजमध्ये डोकं घालून बसलीस?"

"आबा, इट्स नॉट अबाऊट द फ्रीज. इट्स अबाऊट लव्ह. आजी लोक लव्ह स्टोअर करतात."

"लव्ह नाही गं, डाळीचं पीठ आहे ते."

ती हसली आणि हे वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. हे आणखी एक. या पोरीसमोर काही बोलायची सोय राहिली नव्हती. मी आमटीला मीठ कमी आहे म्हटलं तरी ती टिपून घ्यायची. तिच्या बाईंनी सांगितलं होतं, सगळं बघायचं, सगळं लिहायचं, पण मध्ये पडायचं नाही. भिंतीवरच्या पालीसारखं राहायचं. असं मी म्हटलं, बाईंनी नाही.

आणि या थिसिसचा शेवटचा धडा म्हणजे तो डबा. ही गेल्यावर घरात कुणीच तो उघडला नव्हता. बापानं नाही, आईनं नाही, नातीनं स्वतःही नाही. हे तिनं बाईंना सांगितलं, बाईंना ते फार आवडलं. न उघडलेला डबा! त्यावर तिनं पानंच्या पानं लिहून काढली. झालं, अळूवडीचा देव झाला. पोरगा कामावरून आला की गाडी लावून दोन मिनिटं फ्रीझरचं दार उघडून उभा राहायचा. मी जिन्यातून बघितलंय. सूनबाई खालच्या कप्प्यात दुसरं काही ठेवू द्यायची नाही. मटारची पिशवी सुद्धा नाही.

मी पोराला म्हटलं, "अरे, तुझ्या आईनं खायला केलंय ते. पूजेला नाही."

"बाबा, मेमध्ये सबमिशन आहे. तेवढं थांबा. प्लीज. तिचं वर्षाचं काम आहे."

"आणि मेपर्यंत मी राहिलो नाही तर?"

"असं काय बोलता!"

"तुझी आई काय बोलून गेली होती का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं काय करावं? इंडियन स्टोअरमधून पात्र्याचा, म्हणजे त्यांच्या अळूवडीचा, डबा आणला. गुजराती, डबाबंद, गोडमिट्ट. माझ्यासमोर गरम करून ठेवला. "घ्या बाबा, सेमच असतं." मी त्याच्याकडं बघितलं. हा मुलगा हिच्या पोटचा, हिच्या हातचं खाऊन एवढा वाढला. त्याला हे सेम वाटत होतं! मी ताट सरकवलं आणि उठलो. सूनबाई त्याला हळू आवाजात म्हणाली, "तुला नव्हतं सांगितलं मी?"

फेब्रुवारीत नातीनं माझी मुलाखत घ्यायचं ठरवलं. टेबलावर फोन ठेवला, एक कागद वाचून दाखवला. "आबा, तुला अनकम्फर्टेबल वाटलं तर तू कधीपण थांबू शकतो."

"मग थांबतो."

"आबा! अजून स्टार्ट पण नाही केलं."

"बरं. विचार."

"आजीचा बॉक्स बघून तुला काय फील होतं?"

"भूक लागते."

"आणि?"

"आणि काय? राग येतो."

"कोणाचा?"

"तुझा."

तिनं ओठ दाबले, पण फोन काही बंद केला नाही. मग म्हणाली, "आजीचा पण येतो का राग?" हे मात्र तिनं नीट मराठीत विचारलं. मी म्हटलं, आता थांबतो, तू म्हणालीस ना कधीपण थांबता येतं. ती थांबली. तेवढा तिचा नियम चांगला होता.

मला काय हवं होतं ते मी तिला सांगू शकलो नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. हिचा चेहरा मला आठवतो, आवाज आठवतो, शिव्या आठवतात. पण जिभेवरची चव माणसाला आठवून आठवत नाही, ती खावीच लागते. ती चव आता जगात एकाच ठिकाणी उरली होती आणि ते ठिकाण माझ्यापासून एक जिना खाली होतं. त्यातून एवढंच हवं होतं, की ती शिळी होण्याआधी एकदा तोंडात पडावी. हे फोनसमोर बोलायचं?

मार्च संपला, एप्रिल लागला. नात दर आठवड्याला वाळून यायला लागली. केस विंचरलेले नाहीत, जेवणावर लक्ष नाही, लॅपटॉप मांडीवर. लिहायची आणि पुसायची. थिसिसच्या पहिल्या पानावर घालायला तिनं एक फोटो निवडला होता, तो मला दाखवला. हिनं अळूवड्या केल्या त्या दिवशी पोरीनं सगळं शूट केलं होतं, त्यातलाच. खिडकीत एक स्टीलची वाटी, तीत चिंचेचा कोळ, त्यावर ऊन पडलेलं. बस. ना आजी, ना वडी.

"बाईंना हा फार आवडला, आबा. शी सेड इट्स ब्यूटिफुल."

"आजी कुठंय यात?"

"आजीचा हात दाखवायचा नव्हता. द बोल स्पीक्स."

वाटी बोलते म्हणे.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि नात जिन्यावरून धाडधाड खाली आली. बाईंशी फोनवर बोलणं झालं होतं. डोळे लाल. "बाई म्हणते, लास्ट चॅप्टर काम नाही करत."

पोरगा घास टाकून उठला. "व्हॉट डू यू मीन? आत्तापर्यंत तर आवडला होता!"

"ती म्हणते, यू हॅव रिटन ट्वेंटी पेजेस अबाऊट धिस बॉक्स अँड यू डोंट नो व्हॉट इज इन इट. सगळं मी काय फील करते तेच आहे. बॉक्समध्ये काय आहे ते नाही."

मी म्हटलं, "बाई शहाणी आहे."

"आबा, प्लीज!"

"प्लीज काय प्लीज? चार महिने मी हेच ओरडतोय. बाईनं इंग्रजीत सांगितलं तेव्हा ऐकू आलं."

ती रडायलाच लागली. सूनबाई तिला जवळ घेऊ लागली तर तिनं हात झटकला. "उघडला तर संपणार ना मग. देन शी इज जस्ट गॉन." असं म्हणाली आणि खुर्चीत बसली. पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. घरात सगळे शिकलेले, सगळे मोठ्या पगाराचे, आणि एका डब्याला घाबरून बसलेले. मलाच त्यांच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "अगं बाळा, ती डिसेंबरातच गेली. डबा काही तिला धरून ठेवत नाहीये."

मग नात उठली आणि गॅरेजचा जिना उतरून गेली. परत आली ती डबा छातीशी धरून. "मीच काढणार," म्हणाली. "आणि शूट नाही करणार."

उंडे बाहेर ठेवले. थोडे सैल व्हायला तासभर गेला. पोरगा उगाच भांडी लावत बसला. मग सूनबाईनं सुरी घेतली. वर्तुळं कापायला गेली तर कडा भुगा होऊन पडायला लागल्या, आत बर्फाचे कण. तेलात टाकल्याबरोबर असं तडतडलं की सूनबाई मागं सरकली. मी पुढं झालो, झाऱ्या हातात घेतला. ढाब्यावर उभा राहून शिकलोय तेवढं. थोड्या सुटल्या, थोड्या राहिल्या. रंग चांगला आला. ताटलीत काढल्या, वर तीळ दिसत होते. वास आला. वास मात्र हिचाच होता, शप्पथ.

"आधी आबा," नात म्हणाली.

मी एक उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. कुरकुरीत. तिखट बरोबर. ओवा बरोबर. मी डोळे मिटले. आणि मग घशात सुरू झालं.

खवखव. आधी थोडी, मग अशी की घशात कुणी काथ्या घासतोय. मी खाकरलो. तोवर नातीनं खाल्ली होती, तीही खाकरली. पोरगा खोकायलाच लागला. सूनबाई जिभेला हात लावून उभी. एकमेकांकडं बघतोय आणि खोकतोय.

"आईंची अळूवडी?" सूनबाई म्हणाली. "आईंची खाजली?"

मला पहिल्यांदा काय आला असेल तर राग. इतका राग की काय सांगू. चार महिने मी ज्याची वाट बघितली, ज्यावरून पोराशी अबोला धरला, ते हे? हिच्या हातची अळूवडी चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी खाल्ली, एकदाही घशाला लागली नाही. आणि शेवटची ही! एकदा वाटलं, हे हिनंच केलं. जाता जाता चिमटा काढला.

सूनबाईनं अजून एक छोटा तुकडा तोडला, जिभेवर ठेवला, थांबली. "आंबटपणाच नाहीये," म्हणाली. "चिंच नाही यात, म्हणून खाजतंय."

"ती चिंच विसरेल?" मी म्हटलं. "एक वेळ मला विसरेल."

सूनबाई आठवत होती. "थांबा. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर हॉलच्या खिडकीत कोळाची वाटी होती, भरलेली. मला वाटलं उरला असेल. मी रात्री आमटीत घातला तो."

नातीचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याकडं बघितलं, पोरानं बघितलं. ती हळूच म्हणाली, "मी ठेवला होता. विंडोमध्ये. फोटोसाठी."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या पानांना हिनं व्यवस्थित केलं होतं, ते उंडे तेव्हाच खाऊन संपले. दुसऱ्या पानांचं पीठ कालवताना हिनं कोळाची वाटी हाताशी घेतली, तर नात म्हणाली, थांब आजी, लाईट चांगला आहे, एक मिनिट. आणि वाटी उचलून हॉलमध्ये नेली. इकडून काढ, तिकडून काढ. मध्येच हिला म्हणाली, आजी, तू पानावर लाटणं फिरवतेस ना, ते परत कर, आधी हात नीट दिसला नाही. मग पान परत उलटं कर. मग थोडं या बाजूला वळ. त्या गोंधळात हिनं धरलं की कोळ घातला. वाटी राहिली खिडकीत उन्हात, आणि पीठ लागलं पानाला.

"मी डिस्टर्ब नव्हतं करायचं," नात म्हणाली. "मी थिसिसमध्ये तसं लिहिलंय. मी डिस्टर्ब नाही केलं म्हणून."

आणि तो फोटो पहिल्या पानावर! पोरगा हसायला लागला. आधी गालात, मग मोठ्यानं, मग त्याला हसू आवरेना आणि खोकलाही आवरेना. सूनबाईही. नात रडत होती आणि मध्येच हसत होती. मला हसू आलं नाही. मला दिसत होतं ते वेगळंच. हिला हे कळलं असतं तर? आमच्या गल्लीत कुणाच्या वडीत मीठ जास्त झालं तर ही आठवडाभर त्यावर बोलायची. आपल्या हातचं काही बिघडलं तर कुणाच्या तोंडाला लागू द्यायची नाही, आधी गाईला. आणि आता ही पोरगी काय करणार, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. रडणं थांबलं होतं. डोळे असे झाले होते, जसे ती काही टिपून घ्यायच्या आधी होतात.

"लिहायचं नाही," मी म्हटलं.

"आबा, पण हाच तर चॅप्टर आहे!"

"लिहायचं नाही. तुझ्या आजीच्या अळूवडीनं घसा खाजला हे तू अमेरिकेतल्या लोकांना सांगणार? त्यांनी आयुष्यात अळूवडी बघितली नाही. त्यांना हिची एवढी एकच वडी कळणार, आणि ती खाजरी?"

"इट्स माय मिस्टेक, आबा. मी तेच लिहिणार. माझ्यामुळं झालं."

"ते त्यांना कळेल? ते म्हणतील, म्हातारी चिंच विसरली."

"बाबा," पोरगा म्हणाला, "तिला लिहू द्या. इतके दिवस तुम्ही म्हणत होता डबा उघडा. आता उघडला तर म्हणता बोलू नका."

"हो, म्हणतो! मी खायला मागत होतो. छापायला नाही."

सूनबाईनं सगळ्यांना ताक आणून दिलं. मी माझा पेला तसाच ठेवला. आपोआप जाईल, म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. खवखव का असेना, होती ती हिच्याच हातची. ताटलीत ज्या वड्या उरल्या होत्या त्या मी एकेक करून संपवल्या. पोरगा म्हणाला, बाबा, त्रास होईल. झाला. संध्याकाळपर्यंत आवाज बसला होता. दुसरा उंडा मात्र मी तळू दिला नाही. हिनं तो फेकलाच असता, म्हणून मीच नेऊन हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सूनबाई दारात उभी राहून बघत होती.

पुढचे तीन आठवडे नात आणि मी भांडलो. ती लिहायची, फोनवरून मला मराठीत सांगायची, मी नाही म्हणायचो. 'खाजली' शब्द काढ म्हटलं तर म्हणते, मग काय लिहू? 'विसरली' काढ म्हटलं तर काढला. शेवटी मी माझी अट सांगितली. हवं ते लिही, पण त्यात हे आलं पाहिजे, की त्या एका वेळेव्यतिरिक्त हिच्या हातची अळूवडी कधीही कुणाच्या घशाला लागली नाही, आणि हे नवरा सांगतो, ज्यानं आयुष्यभर खाल्ली. नात म्हणाली, असं वाक्य थिसिसमध्ये कसं घालणार, त्याला पुरावा लागतो. मी म्हटलं, मी पुरावा. बाईला विचार. तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, घाल.

मेमध्ये तिनं तो थिसिस जमा केला आणि चार लोकांसमोर बोलायची वेळ आली. चार कसले, खोली भरली होती. आम्हाला पुढं बसवलं. प्रोफेसर बाई साध्या, माझ्या सूनबाईपेक्षा थोड्या मोठ्या, मला बघून दोन्ही हात जोडले. नात उभी राहिली. पडद्यावर ती वाटी आली, उन्हातली. ती इंग्रजीत बोलत होती, मला कळत नव्हतं. मधूनमधून 'आजी' ऐकू यायचं, एकदा 'चिंच'. चिंच म्हणताना तिचा आवाज कापला. मग ती काय म्हणाली कोण जाणे, खोलीतले लोक हसले. वाईट नाही, चांगलंच हसले. पण मला ते सहन झालं नाही. मी उठून उभा राहिलो.

पोरानं माझा सदरा ओढला. "बाबा, खाली बसा."

नात थांबली. "आबा?"

मी म्हटलं, "माझं वाक्य सांगितलंस का?"

"लास्टला आहे, आबा."

"आत्ता सांग."

तिनं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली. मग नातीनं पानं उलटली आणि इंग्रजीतून वाचलं, सावकाश. मला एकही शब्द कळला नाही, पण मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. कुठंही गाळलं नाही हे मला दिसत होतं. संपल्यावर ती मराठीत म्हणाली, "झालं, आबा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागून कुणीतरी उभं राहिलं, मग आणखी दोघं. टाळ्या कशाच्या? बायको गेलीये माझी, ती चांगली अळूवडी करायची, एवढंच तर सांगितलं. टाळ्या थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग बसलो, आणि नातीला म्हटलं, "हां. आता बोल पुढं."